ओपन फाईल द्या की, ताई

२ जून २०२५, सोमवार

लग्नसराई ओसरली. गणपतीच्या फ्लेक्सना अजून अवकाश आहे. सांगलीत लेबलं, पत्रिका आणि पतसंस्थांची कॅलेंडरं करणाऱ्या बाईला वर्षात मोकळे मिळतात ते हेच दिवस, म्हणून कॉम्प्युटर आवरायला घेतला. या धंद्यात डिझायनर मी, हिशेबनीस मी, छापखान्यात हेलपाटे घालणारी मी आणि वसुलीला जाणारीही मीच. कुठली फाईल कुठे आहे हे विचारायला दुसरं माणूस नाही आणि सांगायलाही नाही.

पहिला प्रश्न: लावायचं कशानुसार? सॉफ्टवेअरनुसार, म्हणजे कोरलचं एकीकडे आणि फोटोशॉपचं दुसरीकडे, ही डीटीपीवाल्यांची जुनी सवय. छापखान्यात ती चालायची, कारण तिथे टायपिंग करणारा वेगळा, फोटोचं काम करणारा वेगळा. एकट्या माणसाला तिचा उपयोग नाही. एका हळदीच्या पाकिटासाठी तीन ठिकाणी हिंडावं लागतं. वर्षानुसार लावलं तर दिसायला छान, पण '२०१७ ची कामं काढा' असं म्हणत कुणी येत नाही. 'आमचं मागचं ते हिरव्या पट्टीचं लेबल' असं म्हणत येतात. म्हणून ग्राहकाच्या नावानं एक फोल्डर आणि त्याच्या पोटात चारच खण: ग्राहकाकडून आलेलं, मूळ, छपाईला दिलेलं, कागदपत्रं. पाचवा खण काढायचा मोह आवरायचा. खण वाढले की 'इतर' नावाचा एक होतो आणि मग सगळं त्यातच जातं.

लग्नपत्रिका मात्र वर्षानुसारच. तो ग्राहक त्याच कामासाठी परत येत नाही, आणि देव करो येऊ नये.

३ जून, मंगळवार

नावं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल छपाई' ही वंशावळ प्रत्येक डिझायनरच्या घरी असते, तिच्यावर शाई खर्च करत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची, म्हणजे २०२५-०६-०३. कॉम्प्युटर नावं डावीकडून लावत जातो. आपण दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांतल्या तीन तारखा एका ठिकाणी गोळा होतात. १९८८ पासून याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे, आयएसओ ८६०१.

नावं देवनागरीत द्यायची की रोमनमध्ये, यावर बराच वेळ गेला. मन देवनागरीकडे ओढतं. पण फ्लेक्सच्या जुन्या मशीनवर देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात आणि मशीनवरचा पोरगा अंदाजानं भलतीच फाईल छापायला लावतो. छपाईला जाणाऱ्या फाईलचं नाव रोमन. अभिमान लेबलावर दाखवायचा, फाईलच्या नावात नाही.

५ जून, गुरुवार

आज दिवसभर फाँट. खरं आवरायचं ते हेच, फोल्डरची नावं बदलणं ही नुसती झाडलोट.

जुन्या मराठी कामाचं दुखणं इंग्रजीत काम करणाऱ्याला समजावून सांगता येत नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सुरेख या घराण्यांतले जुने फाँट युनिकोड नव्हते. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्यावर चित्र तेवढं देवनागरीचं. श्रीलिपीच्या जुन्या फाँटात 'भारत' लिहिलेलं असेल आणि यंत्रावर तो फाँट नसेल, तर पडद्यावर एक टोपीचं चिन्ह आणि त्यापुढे एम, ए, व्ही. त्यात प्रत्येक घराण्याची मांडणी वेगळी. श्रीलिपीतला मजकूर कृतिदेवमध्ये दाखवला की तिसरंच काहीतरी. जुन्या डीटीपी पॅकेजांना डाँगल नावाची किल्लीही असायची. ती हरवली किंवा नव्या यंत्राला ते छिद्रच नसलं, की सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असूनही घराबाहेर.

म्हणजे मराठी फाईल एकटी कधीच नसते. तिच्या शेजारी तिचा फाँट नसेल तर ती फाईल नाही, कोडं आहे. पेजमेकरमध्ये लावलेल्या जुन्या स्मरणिकांचं तर दुहेरी: ते सॉफ्टवेअर सातव्या आवृत्तीवर, २००१ साली, थांबलं. नव्या इनडिझाईनला त्या फाइली उघडता येत नाहीत, मधल्या जुन्या आवृत्तीची शिडी लागते. आणि इंग्रजी लोगोंतले टाइप-वन जातीचे फाँट अ‍ॅडोबीनं जानेवारी २०२३ पासून चालवणं बंद केलं आहे.

यावर मी ठरवलेला इलाज असा. प्रत्येक जुन्या कामाच्या तीन प्रती. एक मूळ, जशी आहे तशी, सोबत तिचा फाँट. दुसरी कर्व्ह केलेली: कोरलमध्ये कंट्रोल-क्यू मारलं की अक्षराचा आकार होतो आणि फाँटची गरज संपते, छापखान्यातनं 'कर्व्ह करून पाठवा' असा फोन येतो तो यासाठीच. पण कर्व्ह झालेल्या 'हळद'मधलं एक अक्षरही मग टाईप करून बदलता येत नाही. म्हणून तिसरी प्रत, नुसता मजकूर, युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. ती पन्नास वर्षांनीही उघडेल असं मला वाटतं. बाकी दोघींची हमी देत नाही.

जुना मजकूर युनिकोड करणारी कन्व्हर्टर मिळतात आणि बहुतेक मजकूर नीट येतो. रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्ह' मात्र डोळ्यांनी तपासायचे. 'शेतकऱ्यांसाठी'चं 'शेतकर्यांसाठी' होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात आणून दिलं तर 'चालतंय की' म्हणतात. चालत नाही.

नव्या कामाला आता युनिकोड फाँटच. पंचवीसेक वर्षांपूर्वी विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींचा 'मंगल' आला तेव्हा युनिकोडमध्ये निवड अशी नव्हतीच. आज 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता', 'बलू' खुल्या परवान्यावर फुकट आहेत आणि पोटापाण्याच्या कामाला उत्तम. खुला परवाना म्हणजे फाँटची फाईल ग्राहकाच्या फोल्डरमध्ये निर्धास्त ठेवता येते. विकतच्या फाँटचं तसं नाही. तिथे फाँटऐवजी त्याचं नाव, आवृत्ती आणि पावती ठेवायची आणि ज्याला छापायचं त्यानं स्वतःचा परवाना घ्यायचा.

७ जून, शनिवार

'लोगो आहे की माझ्याकडं, व्हॉट्सॲपवर.'

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून बारीक करतं. ते पुढे पाठवत राहिलं की कडा विरघळत जातात. तीच फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. एवढं एक वाक्य प्रत्येक बिलाच्या तळाशी छापायचं ठरवलं.

१२ जून, गुरुवार

तासगावचे बेदाणेवाले दादा आले. वडिलांनी सुरू केलेला धंदा, आता दुकानावर बोर्ड लावायचा आहे, दहा फुटी. लोगो? त्यांनी खिशातनं बेदाण्याचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ज्यांनी तो केला होता ते पेंटर वारले, ज्या छापखान्यानं छापला तो बंद झाला. एका घराण्याची ओळख आणि तिचा एकमेव पुरावा म्हणजे चुरगाळलेलं पाकीट.

'एवढं तर हाय, मारा की त्याच्यावरनं.'

मारता येतं, पण कसं ते लिहून ठेवते. पाकीट इस्त्रीच्या कपड्याखाली सपाट केलं आणि १२०० डीपीआयवर स्कॅन. ऑटो-ट्रेस करून पाहिलं, तर छपाईच्या ठिपक्यांचा भुगा आकारात शिरला आणि 'बे'ची मात्रा सुरवंटासारखी झाली. मग पेन टूलनं हातानं. त्या पेंटरनं अक्षरं ब्रशनं काढली होती, पण वळण बोरूचं. बोरूच्या तिरक्या कापामुळे येणारं जाड-बारीक त्यांनी ब्रशनं धरलं होतं. 'ण'च्या दोन उभ्या दांड्या सारख्या जाड नाहीत. मुद्दाम की हात हलला म्हणून? मी तशाच ठेवल्या. मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे कागदावर हातानंच अक्षर काढायचे आणि त्या शीर्षकांवरनं लोक नाटक ओळखायचे. गावोगावच्या पेंटरांनीही दुकानांना असेच चेहरे दिले. त्यांची मूळ रेखाटनं कुणी जपलेली नाहीत, त्यासाठी कुणाचा फोल्डर नाही.

संध्याकाळी दादांना दोन्ही दाखवलं. ते म्हणाले, 'सारखंच दिसतंय.' याहून मोठी पावती नको.

१४ जून, शनिवार

आता प्रत्येक ग्राहकाचं एक पान करते आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या ऐंशी पानांचं 'ब्रँड बुक' करतात. ते कुणी वाचत नाही. मार्केट यार्डातल्या हळदवाल्या वहिनींना एक पान पुरे, पण त्यात खरं लागणारं हवं.

रंग. 'हळदीचा पिवळा' हा पडद्यावर एक, कागदावर दुसरा आणि फ्लेक्सवर तिसरा. ऑफसेटला यलो १०० आणि मॅजेंटा २५ असं आमचं बसलं आहे. तेच आकडे फ्लेक्सला दिले तर केशरी होतं. म्हणून दोन आकडे लिहायचे आणि कुठल्या कागदावर ते जुळले त्याचा छापील तुकडा पानाला चिकटवायचा. हो, डिंकानं, खऱ्या कागदावर. रंगाच्या बाबतीत मी पडद्यावर विश्वास ठेवत नाही.

अक्षरं. फाँटचं नाव, आणि 'ल' व 'श' मराठी वळणाचे. काही फाँट आपणहून हिंदी वळण दाखवतात, भाषा मराठी निवडली की बदलतात. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच मराठी वळणं धरली आहेत. छापखान्यातल्याला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून पानावर.

बारकोड. ८९० नं सुरू होणारा आकडा म्हणजे तो जीएस-वन इंडियाकडून घेतलेला. तो ओढून-ताणून जागेत बसवायचा नाही. रेघा लाल करायच्या नाहीत, कारण बहुतेक स्कॅनरचा प्रकाशच लाल असतो आणि त्याला लाल रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते. हळदीच्या पिवळ्यावर काळ्या रेघा बिनघोर चालतात. वहिनींना कुंकवाच्या रंगात हव्या होत्या. नाही म्हटलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जे बदलतं ते वेगळ्या थरावर. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, पत्ता, ग्राहक तक्रारीचा फोन. कलाकुसर दहा वर्षं टिकते, फोन नंबर दोन वर्षांत बदलतो. बॅच आणि तारखेची जागा कोरी, ती पाकीट भरताना पडते. लेबल नवं करून घ्यायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरं तर एक ओळ बदलून हवी असते.

१९ जून, गुरुवार

पाऊस. कृष्णेचं पाणी अजून पात्रातच, पण सांगलीत या दिवसांत सगळ्यांचं एक लक्ष आयर्विन पुलाकडे असतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या दुकानांत कॉम्प्युटर टेबलासकट बुडाले. त्यानंतर किती लेबलं 'पाकिटावरनं मारा' म्हणून माझ्याकडे आली!

शेजारच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती. हळद त्यात भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात त्यांच्यात पाणी शिरलं. घरातल्या एका हार्डडिस्कवर सगळं काम ठेवणं म्हणजे ते पेव. कोरडं असेपर्यंत त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. माझं असं: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक आक्काकडे पुण्याला. क्लाऊडवरही चालतं, पण फुकटच्या १५ जीबीत फोटोंसकट माझं एका हळदवाल्याचं कामही नीट मावत नाही. म्हणून तिथे फक्त कर्व्ह केलेल्या प्रती आणि ती एकेक पानं. जुन्या सीड्याही उघडून पाहते आहे. त्यांचा रंगाचा थर काळानं खराब होतो, त्यामुळे ज्या अजून वाचल्या जातात त्या याच महिन्यात उतरवून घ्यायच्या.

एसटीनं डिस्क पाठवायची की कुरिअरनं, यावर आक्काशी फोनवर भांडण. ती आषाढीला येणारच आहे. हातात देईन.

२३ जून, सोमवार

'ओपन फाईल द्या की, ताई. पैसं दिल्यात न्हवं?'

ओपन फाईल म्हणजे बदल करता येणारी मूळ फाईल. पैसे दिले आहेत हे खरं. पण प्रश्न तेवढा सरळ नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम १७ प्रमाणे लोगोसारख्या कलाकृतीचा पहिला मालक सहसा ती काढणारा; नोकरीत काढलं तर मालक नोकरी देणारा. मी कुणाची नोकर नाही. म्हणजे लिखापढी केली नसेल तर साधारणपणे लोगो छापायला तुमचा, हक्कानं माझा. कलम १९ म्हणतं, हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. दुबईला बेदाणा पाठवणाऱ्या माणसानं हे वाचून जागं व्हावं.

आमच्या धंद्यातले पुष्कळ जण ओपन फाईल देत नाहीत. दिली की ग्राहक तुटतो, पुढच्या खेपेला शेजारच्याकडे शंभर रुपयांत किंमत बदलून घेतो, ही भीती. भीती खरी आहे. तरीही मी द्यायचं ठरवलं, आणि दानधर्म म्हणून नव्हे. दर वेगळा लावायचा, बिलात वेगळी ओळ लिहायची. पूर्ण पैसे आले की मूळ फाईल, कर्व्ह फाईल, मजकूर, ते एक पान, आणि कायमचा, जगभरचा हक्क दिल्याचं सहीचं पत्र. पेंटरबाबांच्या मागे तासगावच्या दादांच्या हातात काय उरलं ते पाहिल्यावर फाईल अडवून ग्राहक धरून ठेवायचा धंदा मला पटेनासा झाला आहे. काम आवडलं तर ते येतील. शंभर रुपयांसाठी जाणारे तसेही जाणारच.

४ जुलै, शुक्रवार

'कागदपत्रं' हा चौथा खण रिकामा दिसतो आणि अडचणीत तोच लागतो. ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र असेल तर त्यात: नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. बेदाणा वर्ग २९ मध्ये येतो आणि हळद ३० मध्ये; दोन्ही विकणाऱ्यानं एकाच वर्गात नोंद केली असेल तर दुसरा माल उघडा. नोंदवलेलं चित्र आणि छापलेलं चित्र एकच आहे का तेही बघायचं. दरम्यान कुणीतरी कमळाच्या दोन पाकळ्या वाढवलेल्या असतात.

वेबसाइटचं नाव कुणाच्या ईमेलवर घेतलं, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हेही इथेच. एका मसालेवाल्या काकूंच्या दुकानाच्या पानाचा ओटीपी त्यांच्या भाच्याच्या बंद झालेल्या सिमवर जातो. भाचा बंगळुरूला. काकू गेल्या दिवाळीपासून दुकानाची वेळ बदलू शकलेल्या नाहीत. पासवर्ड मी माझ्याकडे ठेवत नाही. कुणाकडे आहे तेवढंच लिहून ठेवते.

६ जुलै, रविवार, आषाढी

आक्का आली, डिस्क तिच्या पिशवीत गेली. फराळ झाल्यावर तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिला डिझाइनमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच. म्हटलं, हळदवाल्या वहिनींच्या अर्धा किलोच्या पाकिटाची छपाईची फाईल काढून दाखव. तिनं ग्राहकाचं नाव शोधलं, तिसरा खण उघडला, सगळ्यात नवी तारीख निवडली आणि म्हणाली, 'ही का?' तीच होती. लग्नपत्रिका अजून लावायच्या राहिल्या आहेत, त्या श्रावणात.

माझ्याकडे ज्यांची लेबलं, लोगो, बोर्ड झाले आहेत त्यांना आजच निरोप पाठवला, इथेही लिहून ठेवते: चांगला, निदान ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन गणपतीच्या आधी या आणि आपापलं घेऊन जा. गणपतीनंतर दिवाळीची लेबलं सुरू होतात, तेव्हा मला वेळ नसतो.